गाते, गातेस, गातात : फ्रेंच क्रियापदाशी पहिली ओळख

१९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावात, भीमनगर वस्तीत, जात्यावरच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाणाऱ्या बाया तिथल्याच होत्या आणि ओव्या होत्या बाबासाहेब आंबेडकरांवरच्या. हे काम ज्या दोघांनी उभं केलं त्यांतल्या हेमा राईरकर पुण्याच्या, आणि दुसरे गी पॉइटवाँ. पॉइटवाँ १९३४ साली फ्रान्समध्ये जन्मले, १९७२ मध्ये पुण्याला येऊन राहिले आणि १९७९ मध्ये भारताचे नागरिक झाले. या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाने त्यांची संगणकावर नोंद केली आणि शंभरहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण केलं. दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन फ्रेंच वाचकांपर्यंत पोहोचलं तेही पॉइटवाँ यांच्याच अनुवादातून.

फ्रेंच मातृभाषेच्या या माणसाला मराठी क्रियापद प्रौढ वयात शिकावं लागलं असणार. ते सोपं नाही. बाई म्हणते ‘मी गाते’, पुरुष म्हणतो ‘मी गातो’. भूतकाळात आलं की कर्ता बाजूलाच राहतो आणि क्रियापद ओवीच्या मागे जातं, ‘मी ओवी गायली’. हे सगळं आपण पाळण्यातच शिकलो, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही. या प्रकरणात आपण उलट दिशेने निघणार आहोत, मराठीकडून फ्रेंचकडे. मला मनापासून असं वाटतं की मराठी माणसाने फ्रेंच क्रियापद मराठीच्या आधारानेच शिकावं. आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत ते इंग्रजीमार्गे शिकवलं जातं आणि तिथेच विद्यार्थी दमतो. इंग्रजीत क्रियापदाची रूपं झिजून गेली आहेत. मराठीत ती जिवंत आहेत आणि फ्रेंचमध्येही आहेत. मग जिथे रूपं उरलीच नाहीत त्या भाषेतून रूपं का शिकायची?

ओव्यांचा विषय निघालाच आहे, तर क्रियापदही गाण्याचंच घेऊ. फ्रेंचमध्ये गाणे म्हणजे ‘शाँते’. लिहिताना सी-एच-ए-एन-टी-ई-आर. शेवटची ‘ई-आर’ ही दोन अक्षरं नीट पाहून ठेवा. फ्रेंचमधली दहातली जवळपास नऊ क्रियापदं मूळ रूपात अशीच संपतात आणि त्यांतली जवळजवळ सगळी एकाच चालीने चालतात. बोलणे ‘पार्ले’, काम करणे ‘त्राव्हाये’, राहणे ‘आबिते’, तोडणे किंवा कापणे ‘कूपे’, आवडणे ‘एमे’, शोधणे ‘शेर्शे’. भाषेत नवं क्रियापद जन्माला आलं की तेही याच रांगेत उभं राहतं. दूरध्वनी करणे ‘तेलेफोने’ झालं ते असंच. या गटातून फुटून निघालेलं मोठं क्रियापद एकच, ‘आले’ म्हणजे जाणे. त्याची रूपं वेगळी पाठ करावी लागतात. बाकी एक ‘शाँते’ नीट आलं की हजारो क्रियापदांचं दार उघडतं.

आता वर्तमानकाळ. ‘ई-आर’ काढून टाकली की उरतो धातू, ‘शाँत्’. त्याला प्रत्यय लागतात: मी ‘ज शाँत’, तू ‘त्यू शाँत’, तो ‘इल शाँत’, ती ‘एल शाँत’, आम्ही ‘नू शाँतों’, तुम्ही ‘वू शाँते’, ते ‘इल शाँत’, त्या ‘एल शाँत’. लिहिताना हे प्रत्यय क्रमाने असे: ‘ई’, ‘ई-एस’, ‘ई’, ‘ओ-एन-एस’, ‘ई-झेड’, ‘ई-एन-टी’.

इथे कान आणि डोळा वेगळं सांगतात, आणि शिकणारा बहुधा इथेच अडखळतो. मी, तू, तो-ती आणि ते-त्या यांची रूपं कागदावर तीन तऱ्हांनी लिहिली जातात, पण तोंडाने चारही ठिकाणी एकच ‘शाँत’ निघतं. अनेकवचनाची ‘ई-एन-टी’ ही तीन अक्षरं क्रियापदाच्या शेवटी पूर्ण मुकी असतात. वर्गात ‘शाँतेंत’ असं वाचणारा विद्यार्थी हमखास भेटतो आणि त्यात त्याचा दोष नाही. देवनागरीत जे लिहू ते वाचायची सवय लहानपणापासून लागलेली असते. म्हणून माझा आग्रह असा, की पहिले काही दिवस ही रूपं लिहूच नयेत. ऐकावीत आणि म्हणावीत. कानाला फक्त तीन रूपं सांभाळायची आहेत: शाँत, शाँतों, शाँते. मराठीत हाच वर्तमानकाळ बोलताना गातो, गाते, गातोस, गातेस, गातं, गाता, गातात अशी सात रूपं लागतात. जो सात सहज वापरतो त्याला तीनची भीती बाळगायचं कारण नाही.

बोलीतली फ्रेंच तर आणखी सोपी. रोजच्या बोलण्यात ‘नू’ फारसं ऐकू येत नाही. त्याच्या जागी ‘ओं’ हे सर्वनाम येतं आणि त्याच्याबरोबर क्रियापद एकवचनी राहतं, ‘ओं शाँत’. अर्थ मात्र ‘आम्ही गातो’ किंवा ‘आपण गातो’ असाच. म्हणजे घरगुती बोलण्यात दोनच उच्चारांत काम भागतं.

सर्वनाम मात्र कधी गाळायचं नाही. मराठीत ‘गातेस का?’ एवढं पुरतं, कारण ‘गातेस’मध्येच ‘तू’ आणि ‘बाई’ दोन्ही आलं. फ्रेंचचं ‘शाँत’ एकटं उभं राहिलं तर कोण गातं ते कळायला मार्ग नाही. नुसतं ‘शाँत’ म्हटलं की त्याची आज्ञा होते, ‘गा!’ आज्ञार्थ खरोखर असाच होतो. सर्वनाम काढलं की ‘शाँत’ म्हणजे ‘तू गा’, ‘शाँते’ म्हणजे ‘तुम्ही गा’ आणि ‘शाँतों’ म्हणजे ‘गाऊ या’. लिहिताना ‘तू’च्या रूपातला शेवटचा ‘एस’ तेवढा गळतो.

‘त्यू’ आणि ‘वू’ यांचा वापर आपल्याला शिकवावा लागत नाही. मित्राला, लहान भावंडाला, घरच्या माणसाला ‘त्यू’. अनोळखी माणसाला, गुरुजींना, साहेबांना, दुकानदाराला ‘वू’, समोर एकच माणूस असला तरी. ‘वू’मध्ये आपलं ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही सामावतं. फरक एवढाच की खेड्यात मुलं आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात. आजच्या फ्रेंच घरात बहुधा दोघांनाही ‘त्यू’ चालतं.

उच्चाराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे बीडच्या माणसाकडे जे आहे ते इंग्रजी माध्यमातल्या पुस्तकाला ठाऊक नसतं. ‘शाँते’मधला ‘त’ हा आपला दंत्य ‘त’ आहे, जीभ दातांना टेकवून काढलेला. इंग्रजी वळणाने ‘शाँटे’ म्हटलं की ते लगेच परकं वाटतं. ‘शाँ’मधला स्वर नाकातून जातो आणि शेवटी ‘न्’ ऐकू येत नाही. हा नुसता अनुनासिक आहे. ‘त्यू’चा स्वर नवा आहे: जिभेने ‘ई’ म्हणायची आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवायचे. ‘ज’ आपल्या ‘जन्म’मधल्यासारखा कडक नाही; ‘टेलिव्हिजन’मधला ‘ज’ घासून काढतात तसा तो काढायचा.

फ्रेंचचा ‘र’ मात्र भल्याभल्यांना छळतो. तो जिभेच्या टोकाने काढत नाहीत, घशातून काढतात. पण बीड, अंबाजोगाई, परळी इथल्या बाजारात उर्दू आणि दखनी रोज कानावर पडते. हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि इथल्या कैक घरांची भाषा आजही उर्दू आहे. ‘ग़ज़ल’ हा शब्द नीट म्हणणाऱ्या उर्दू भाषकाचा पहिला ‘ग़’ ऐका. फ्रेंच ‘र’ त्याच्या अगदी जवळचा आहे. त्याच शब्दातला ‘ज़’ही फ्रेंचमध्ये जागोजागी लागतो. हे दोन उच्चार शिकायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही; शेजारच्या गल्लीतल्या मित्राकडून ते शिकता येतात.

‘ज़’ची खरी गरज स्वराने सुरू होणाऱ्या क्रियापदांत पडते. ‘एमे’ घ्या. तो प्रेम करतो म्हणजे ‘इल एम’. ते प्रेम करतात म्हणजे ‘इलज़ एम’. अनेकवचनी सर्वनामातला एरवी मुका असणारा ‘एस’ पुढे स्वर आला की जागा होतो आणि ‘ज़’ म्हणून ऐकू येतो. राहण्याच्या ‘आबिते’चंही तसंच: ती राहते ‘एल आबित’, त्या राहतात ‘एलज़ आबित’. ‘मी’चा ‘ज’ स्वरापुढे क्रियापदालाच चिकटतो. ‘मी बीडला राहतो’ हे वाक्य ‘जाबित आ बीड’ असं होतं. राहणारी बाई असली तरी वाक्य तेच. फ्रेंचच्या वर्तमानकाळात क्रियापद लिंग पाळत नाही, आणि मराठी बाईला सुरुवातीला हेच चुकल्यासारखं वाटतं.

अर्थाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे मराठवाड्यात ‘ती रोज दळते’ आणि ‘ती आत्ता दळायलीय’ यांत स्पष्ट भेद आहे. ‘काय करायलास?’ हा प्रश्न कानावर आला की माणूस लातूर-बीडकडचा आहे हे पुण्यातही ओळखतात. फ्रेंच हा भेद क्रियापदाच्या रूपात दाखवत नाही. ‘एल शाँत’ म्हणजे ती गाते, आणि ती आत्ता गातेय हेही तेच. संदर्भाने कळतं. इंग्रजीतून शिकणारा इथे ‘इज सिंगिंग’साठी सहायक क्रियापद शोधत बसतो आणि नसलेलं वाक्य तयार करतो.

नकार आपल्याला सोपा जातो. पुस्तकी फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना शब्द येतात, ‘ज न शाँत पा’. बोलताना पुढचा ‘न’ गळतो आणि राहतं ‘ज शाँत पा’, अगदी ‘मी गात नाही’च्या क्रमाने, नकार क्रियापदानंतर. प्रश्न तर नुसत्या सुरावर विचारता येतो: ‘त्यू शाँत?’ किंवा आरंभी ‘एस्क’ जोडायचं, आपण ‘का’ शेवटी जोडतो तसं.

आता भूतकाळ. या प्रकरणातला मला सर्वांत प्रिय भाग हाच आहे.

‘ती गायली’मधलं ‘गायली’ फ्रेंचमध्ये दोन शब्दांनी होतं, ‘एल आ शाँते’. यातलं ‘आ’ हे ‘जवळ असणे’ या अर्थाच्या सहायक क्रियापदाचं रूप, आणि शेवटचं ‘शाँते’ हे आपल्या ‘गायलेलं’सारखं धातुसाधित. उच्चार मूळ रूपासारखाच, लेखन वेगळं. बहुतेक क्रियापदं अशीच चालतात. पण जाणं, येणं, पोहोचणं, पडणं अशी थोडी क्रियापदं ‘असणे’चं सहायक घेतात. ‘ती पडली’ म्हणजे ‘एल ए तोंबे’, शब्दाला शब्द ठेवून पाहिलं तर ‘ती आहे पडलेली’. ‘ती पडली आहे’ असं आपणही म्हणतोच की! आणि इथे फ्रेंच धातुसाधित कर्त्याचं लिंग घेतं: तो पडला तर ‘तोंबे’ला शेवटी एक ‘ई’ कमी, ती पडली तर एक ‘ई’ जास्त, त्या पडल्या तर वर ‘एस’. तो पडला, ती पडली, त्या पडल्या. ही गोष्ट इंग्रजीतून समजावताना शिक्षकाला अर्धा तास लागतो, मराठीतून एक वाक्य पुरतं.

‘जवळ असणे’वाल्या क्रियापदांचा नियम ऐकून विद्यार्थी घाबरतात. तो असा: धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलत नाही, मात्र कर्म वाक्यात आधी आलेलं असेल तर ते कर्माप्रमाणे बदलतं. ‘तिने गायलेलं गाणं’ हे फ्रेंचमध्ये ‘ला शाँसों केल आ शाँते’. गाणं म्हणजे ‘शाँसों’, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. ते आधी आलं, म्हणून ‘शाँते’च्या शेवटी स्त्रीलिंगाची ‘ई’ लागते. ऐकू येत नाही, पण लिहावी लागते. सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने या नियमाचा पुरस्कार केला आणि तेव्हापासून फ्रेंच शाळकरी मुलंही या जागी चुकत आली आहेत.

मराठी माणसाला हा नियम विचित्र वाटू नये, कारण आपण तो दिवसभर वापरतो. तिने अभंग गायला, तिने ओवी गायली, तिने गाणं गायलं, तिने ओव्या गायल्या. गाणारी तीच, क्रियापद मात्र गायल्या गेलेल्या गोष्टीच्या मागे. दोन्हीकडे हे घडण्याचं कारणही एकाच प्रकारचं आहे. संस्कृतात भूतकाळ सांगायला ‘मया पत्रं लिखितम्’ अशी ‘त’ प्रत्ययाची रचना रूढ झाली. प्राकृतांतून ती मराठीत उतरली आणि ‘मी पत्र लिहिलं’ झालं. लॅटिनमध्ये ‘माझ्याजवळ लिहिलेली पत्रं आहेत’ अशी रचना होती, तिच्यातून फ्रेंचचा भूतकाळ घडला. लॅटिनचं ते धातुसाधितही ‘त’ प्रत्ययाचंच, आणि संस्कृतच्या ‘त’शी त्याचं सख्खं नातं आहे. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं तरच हे नातं दिसतं. मराठीत ते एरवीही दिसतं.

मराठीच्या या घडणीचा माग एका फ्रेंच विद्वानाने काढला, हा योग सांगण्यासारखा आहे. झ्यूल ब्लॉक (१८८०–१९५३) यांनी मराठी भाषा कशी घडली यावर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला. १९२० साली तो ग्रंथरूपाने पॅरिसला प्रसिद्ध झाला आणि पुढे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. आपल्या क्रियापदाचा हा पाया ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांनी तो जरूर वाचावा. ज्या जिल्ह्यात अंबाजोगाईला कवी मुकुंदराजांची समाधी दाखवतात आणि दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी जपून ठेवली आहे, तिथल्या वाचकाला हा अभ्यास परका वाटणार नाही.

उरलेले काळ थोडक्यात. पूर्वी नेहमी घडायची ती गोष्ट सांगायला फ्रेंचमध्ये वेगळा काळ आहे. ‘आजी पहाटे गायची’ यातलं ‘गायची’ म्हणजे ‘शाँतॅ’, तोंड जरा जास्त उघडून. इथेही मी, तू, तो आणि ते या चौघांचा उच्चार एकच. एकदा घडून गेलेलं ‘गायली’ आणि नेहमीचं ‘गायची’ हा भेद मराठीत पक्का असल्याने या दोन काळांत आपला गोंधळ होऊ नये. भविष्यकाळात ‘ई-आर’ तशीच ठेवून प्रत्यय जोडतात: ज शाँत्रे, त्यू शाँत्रा, इल शाँत्रा, नू शाँत्रों, वू शाँत्रे, इल शाँत्रों. खाण्याच्या ‘माँजे’ आणि सुरू करण्याच्या ‘कोमाँसे’ अशा काही क्रियापदांत ‘नू’च्या रूपाचं लेखन किंचित बदलतं, ते उच्चार टिकवण्यासाठी. ते सरावाने येतं.

रूपांच्या या पसाऱ्याचं मोल कळायला मॉरिशसकडे पाहावं. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज बहुतेक घरीदारी क्रिओलच बोलतात. क्रिओलचे शब्द बहुतांशी फ्रेंच, पण क्रियापद माणसागणिक बदलत नाही. ‘मो सांते, तो सांते, ली सांते’: मी, तू, तो, सगळ्यांना एकच. काळ दाखवायला आधी एक छोटा शब्द, भूतकाळाला ‘ती’, चालू क्रियेला ‘पे’, पुढच्या क्रियेला ‘पू’. मळ्यावर वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र आली, त्यांच्यात ही भाषा रुजली, आणि ती पूर्ण, समर्थ भाषा आहे. ‘शाँत’च्या मुक्या प्रत्ययांनी जी वाट धरली, तिच्या टोकाला क्रिओल पोहोचली आहे.

उसावरून आठवलं म्हणून सरावाबद्दल. पाठ्यपुस्तकांत वाक्यं असतात पॅरिसच्या कॅफेतली, मेट्रोतली. ती शिकावीत, पण आधी आपली वाक्यं करावीत. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. ‘ते ऊस तोडतात’ याला फ्रेंच वाक्य ‘इल कूप ला कान’. ‘आई-वडील कारखान्यावर काम करतात’ याला ‘मे पाराँ त्राव्हाय आ ल्यूज़ीन’. ‘आजी ओव्या गायची’, ‘मी अंबाजोगाईला शिकते’, ‘मी फ्रेंच बोलतो’. शिकण्याचं ‘एत्यूदिए’ही ‘ई-आर’वालंच आहे. स्वतःच्या आयुष्यातलं क्रियापद जिभेवर लवकर बसतं, आणि परीक्षेत पहिल्या पायरीला विचारतात तेही हेच: तुम्ही कोण, कुठे राहता, काय करता, काय आवडतं. फ्रेंचच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची ही पहिली पायरी ए-वन म्हणून ओळखली जाते आणि नियमित क्रियापदांचा वर्तमानकाळ हा तिचा कणा आहे.

रोज एक क्रियापद घ्या. मोठ्याने सगळी रूपं म्हणा, मग त्याच क्रियापदाची नकारार्थी आणि प्रश्नार्थी रूपं म्हणा, आणि सगळ्यात शेवटी लिहा. मोबाइलवर फ्रेंच आकाशवाणीच्या बातम्या फुकट ऐकता येतात. कळलं नाही तरी ‘शाँत’, ‘शाँतों’, ‘शाँते’ हे तीन शेवट कानाने टिपत राहा.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत भाषा शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. मराठी क्रियापदाच्या पायावर उभं राहिलेलं, ‘तिने ओवी गायली’पासून सुरू होणारं फ्रेंच व्याकरणाचं छोटं पुस्तक मराठीतून लिहा. केज-धारूरच्या विद्यार्थ्याला आधी इंग्रजी पक्कं करून मग फ्रेंचकडे जायची सक्ती नको. त्याची मराठी त्याला थेट तिथे नेऊ शकते.